रेपल जोडला, पण कुणाशी? चालत्या गाइल सर्व्हरवरचं एक प्रकरण

एका छोट्या वाचनालयाची पुस्तकयादी नेटवर दाखवणारी एक सर्व्हिस आहे, माझ्या मित्राने गाइल स्कीममध्ये लिहिलेली (स्कीम ही कंसांनी भरलेली प्रोग्रॅमिंग भाषा, गाइल तिची एक आवृत्ती). स्कीमच का असं विचारू नका, त्याला कंस आवडतात. गाइलबरोबर जे वेब सर्व्हरचं मोड्यूल फुकटात येतं त्यावरच उभी आहे, डेटाबेस वगैरे काही नाही. सुरू होताना एक सीएसव्ही फाइल वाचते, हॅश टेबल भरते, दिवसभरातली पुस्तकांची देवघेव मेमरीतच ठेवते आणि रात्री एकदा फाइलीत उतरवते. हे शेवटचं मला मुळीच पटत नाही पण ते जाऊ दे, मुद्दा असा की दिवसा ही सर्व्हिस रीस्टार्ट केली की त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी गेल्या. म्हणजे जे काही बघायचं, बदलायचं ते चालत्या प्रोसेसमध्ये शिरूनच. शिरायचा दरवाजा म्हणजे रेपल: तिथे एक एक्स्प्रेशन टाइप करायचं, प्रोसेस ते चालवून उत्तर छापते.

झालं काय, तर सर्व्हिस घरच्या लॅपटॉपवरून उचलून भाड्याच्या सर्व्हरवर नेली, सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) हवाली केली, आणि पानावर पुस्तकांच्या नावांच्या जागी कचरा अक्षरं यायला लागली. गंमत म्हणजे पानावरची मथळ्याची ओळ, ‘पुस्तकाचं नाव’, ‘लेखक’, ‘प्रकार’, ही मात्र एकदम ठणठणीत मराठीत. लॅपटॉपवर तोच कोड, तीच फाइल, सगळं व्यवस्थित. मित्राने मला फोन केला तेव्हा तो एचटीटीपीच्या हेडरमध्ये कॅरेक्टर सेट बदलून बदलून थकला होता, आणि त्याचं म्हणणं ठाम होतं की सर्व्हरच्या मेमरीतला डेटा बरोबर आहे, ब्राउझरपर्यंत जाताना बिघडतो. म्हटलं हे तुला कसं कळलं? तर म्हणे रेपलमधून बघितलं ना, टेबलातली नावं अगदी स्वच्छ दिसतायत.

नशीब एवढं की त्याने मेन फाइलीतच रेपल सर्व्हर सुरू करून ठेवलेला होता, नाहीतर चालू असलेल्या गाइल प्रोसेसमध्ये बाहेरून शिरायला सरळ रस्ता नाही. गाइलला सुरू करतानाच लिसनचा ऑप्शन दिला तरी चालतं, किंवा सिस्टम-रेपल-सर्व्हर या मोड्यूलमधलं स्पॉन-सर्व्हर कोडमधून बोलवता येतं, काहीच नाही सांगितलं तर पोर्ट ३७१४६, आणि ऐकतो फक्त लूपबॅकवर म्हणजे १२७.०.०.१ या त्याच मशीनपुरत्या पत्त्यावर. (कोडमधून बोलवणार असाल तर एक बारीक खोच: वेब सर्व्हरचं मोड्यूल आणि रेपल सर्व्हरचं मोड्यूल, दोघांतही रन-सर्व्हर याच नावाचं फंक्शन आहे. दोन्ही अख्खी इम्पोर्ट केली की गाइल वॉर्निंग देतो आणि कुठलं जिंकतं ते इम्पोर्टच्या क्रमावर ठरतं. रेपलवाल्यातून फक्त हवं तेवढंच सिलेक्ट करून घ्या.) लूपबॅकवर असल्यामुळे बाहेरून जायचं तर एसएसएचचा टनेल, लॅपटॉपचा ३७१४६ तिकडच्या ३७१४६ ला जोडायचा, आणि ईमॅक्स या एडिटरमधून गायझर-कनेक्ट (गायझर म्हणजे ईमॅक्सला स्कीमच्या रेपलशी जोडणारं पॅकेज). तसंच त्याने केलं होतं. प्रॉम्प्ट आला होता, एक्स्प्रेशनला उत्तरं येत होती, मोड्यूल सापडत होतं, टेबल भरलेलं होतं.

मी म्हटलं, “एक काम कर, गेट-होस्ट-नेम विचार त्याला.”

“कशाला?”

“विचार तर.”

उत्तर आलं ते त्याच्याच लॅपटॉपचं नाव.

तुलना करायला म्हणून त्याने लॅपटॉपवरही सर्व्हिसची एक कॉपी चालू ठेवलेली होती, तीही ३७१४६ वरच ऐकत होती, कारण कोड तोच. मग टनेल उघडायला गेल्यावर एसएसएचने सांगितलं की हा लोकल पोर्ट आधीच कुणीतरी घेतलाय, पण सांगितलं म्हणजे नुसती एक ओळ छापली आणि पुढे लॉगिन निवांत चालू ठेवलं. एसएसएचचं वागणं डिफॉल्टने असंच आहे, फॉरवर्डिंग जमलं नाही तरी कनेक्शन तोडत नाही. तोडायला हवं असेल तर एक्झिट-ऑन-फॉरवर्ड-फेल्युअर हे सेटिंग यस करावं लागतं, आणि टनेलसाठी एसएसएच वापरणाऱ्याने ते कॉन्फिगमध्ये टाकूनच ठेवावं असं माझं मत. ती ओळ वर सरकून गेली, गायझर लोकलहोस्टच्या ३७१४६ ला जोडला गेला, आणि तिथे बसलेला गाइल हा घरचाच होता. तेच मोड्यूल, तीच फाइल, तेच टेबल. ओळखणार कसं? तेव्हापासून रिमोट रेपल उघडला की माझी पहिली दोन एक्स्प्रेशनं ठरलेली, होस्टचं नाव आणि गेट-पीआयडी (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर), आणि पीआयडी सिस्टमडीच्या स्टेटसशी ताडून बघायचा. सर्व्हरवर जुनी प्रोसेस अडकून बसलेली असते असंही होतं.

टनेलचा लॅपटॉपकडचा पोर्ट ३७१४७ केला, परत गायझर-कनेक्ट, आणि आता खऱ्या सर्व्हरला लागलो तर गायझरच रुसला. ‘नो कोड फॉर मोड्यूल’ आणि पुढे कंसात गायझर ईमॅक्स. हे बऱ्याच जणांना येतं आणि लोक सर्व्हरवर ईमॅक्स टाकायला धावतात, त्याची काही गरज नाही. गायझरचे दोन भाग असतात, एक ईमॅक्सच्या बाजूचा आणि दुसरा स्कीममध्ये लिहिलेला, तो गाइलच्या पोटात बसून कम्प्लीशन, डॉक्युमेंटेशन, इव्हॅल्युएशन ही कामं करतो. जोडताना गायझर समोरच्या गाइलला सांगतो की माझा स्कीमचा भाग अमुक फोल्डरमध्ये आहे, तो लोड पाथमध्ये घे. तो फोल्डर असतो तुमच्या लॅपटॉपवरचा, सर्व्हरवर त्या पत्त्यावर कुणीच नाही. मग काय, गायझर-गाइल पॅकेजच्या आतला स्कीमवाला फोल्डर सर्व्हरवर कॉपी केला. प्रोसेस रीस्टार्ट करायची नव्हती म्हणून एनव्हायर्नमेंटमधून लोड पाथ देता येईना, तेव्हा गायझर बाजूला ठेवून साध्या नेटकॅटने त्याच पोर्टला जोडलं आणि ॲड-टू-लोड-पाथने तो फोल्डर चालत्या प्रोसेसला दाखवला. रेपल म्हणजे शेवटी सॉकेटवरचं नुसतं टेक्स्ट आहे, कुठलाही क्लायंट चालतो हे अशा वेळी फार उपयोगी पडतं. त्यानंतर गायझर गपचूप जोडला.

आता खरा प्रश्न, मेमरीत काय आहे. इथे मित्राने लगेच टेबलातलं एक नाव छापायला सांगितलं. मी थांबवलं. त्या प्रोसेसला सिस्टमडीने सुरू केलेलं, लोकेल (भाषा आणि अक्षरांच्या एन्कोडिंगचं सेटिंग) दिलेलं नाही, म्हणजे सी लोकेल. गाइलमध्ये नवीन पोर्ट उघडला (हा ३७१४६ सारखा नेटवर्कचा पोर्ट नाही, वाचण्या-लिहिण्याच्या प्रत्येक वाटेला गाइल पोर्टच म्हणतो), मग ती फाइल असो की सॉकेट, की त्याचं एन्कोडिंग डिफॉल्टने लोकेलवरून ठरतं. म्हणजे ज्या रोगाचा संशय तोच रोग आपल्या रेपलच्या सॉकेटलाही असणार. छापलेलं चुकीचं दिसलं तर डेटा वाईट की छपाई वाईट ते कळणार नाही, आणि बरोबर दिसलं तरी विश्वास ठेवता येत नाही, कारण बाइट जसेच्या तसे आत आले आणि तसेच बाहेर गेले तर ईमॅक्स त्यांना यूटीएफ-८ समजून नीट दाखवेल. मराठी अक्षर टाइप करून तुलना करायची तरी तेच, टाइप केलेलंही त्याच सॉकेटमधून जाणार. मित्राने फंक्शनांची नावं देवनागरीत ठेवली नव्हती हे एक बरं झालं (गाइल ठेवू देतो), नाहीतर त्यांना हाकही मारता आली नसती.

तर अक्षरं बघायचीच नाहीत, आकडे बघायचे. प्रकार या कॉलममध्ये ‘कथा’ असलेली एक नोंद घेतली. क, थ आणि काना, मिळून ३ कोड पॉइंट (कोड पॉइंट म्हणजे युनिकोडमधला अक्षराचा नंबर). स्ट्रिंग-लेंग्थ विचारली, उत्तर आलं ९. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइटचं, तीन त्रिक नऊ, म्हणजे फाइल वाचतानाच प्रत्येक बाइटला एक अक्षर समजलं गेलंय. क चा कोड पॉइंट २३२५, पहिल्या अक्षराचा आकडा तो नव्हताच. तिथल्या तिथे मित्राचा हेडरवाला सिद्धांत निकालात निघाला, आणि मथळे का बरोबर दिसतात तेही सुटलं. मथळे कोडमध्ये लिहिलेले आहेत आणि सोर्स फाइल गाइल डिफॉल्टने यूटीएफ-८ म्हणूनच वाचतो, लोकेल काही असो. सीएसव्ही मात्र ओपन-इनपुट-फाइलने उघडलेली, ती लोकेलच्या भरवशावर. लॅपटॉपवर लोकेल यूटीएफ-८ चं, म्हणून तिथे कधी कुरकुर झाली नाही.

रेपलच्या इनपुट आणि आउटपुट पोर्टला सेट-पोर्ट-एन्कोडिंगने यूटीएफ-८ केलं म्हणजे निदान आपल्याला दिसायला लागलं. मग फाइल वाचणारं फंक्शन ईमॅक्समध्ये दुरुस्त केलं, उघडताना एन्कोडिंग स्पष्ट सांगितलं, आणि जाता जाता त्यातला एक कॅच काढायला लावला जो कुठलीही चूक आली की ती गिळून पुढची ओळ घ्यायचा. असले कॅच लिहिणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. हे फंक्शन पाठवताना मित्राने सवयीने कंट्रोल-सी कंट्रोल-के दाबलं, अख्खा बफर कंपाइल, आणि फाइल सापडत नाही अशी एरर. साहजिक आहे, ती कमांड फाइलीचा पत्ता पाठवते आणि पत्ता लॅपटॉपवरचा. एक डेफिनिशन इव्हॅल्युएट करणारी कंट्रोल-सी कंट्रोल-सी मात्र मजकूरच पाठवते, ती रिमोटला बिनधास्त चालते. रिमोट काम करताना मी तेवढीच वापरतो.

नवीन फंक्शन रेपलमधून बोलावलं आणि ते फुटलं. प्रॉम्प्टच्या शेजारी चौकटी कंसात १ आला, म्हणजे गाइलचा डीबगर उघडला. हीच एरर वेब सर्व्हरच्या थ्रेडमध्ये आली असती तर फक्त जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये, चार ओळी पडल्या असत्या आणि रेपलला पत्ताही लागला नसता, डीबगर त्याच थ्रेडपुरता असतो. म्हणून हँडलरमधली (दर रिक्वेस्टला उत्तर बनवणाऱ्या फंक्शनमधली) एरर रेपलमध्ये हवी असेल तर तोच इनपुट हातात घेऊन फंक्शन रेपलमधून बोलवायचं. स्वल्पविराम बीटी ने बॅकट्रेस, वाचणाऱ्या फंक्शनच्या फ्रेमवर जाऊन स्वल्पविराम लोकल्स, आणि समोर ती ओळ: अर्धवट नाव, पुढे काहीच नाही, कॉलमच पुरे नाहीत. स्प्रेडशीटमध्ये कुणीतरी पुस्तकाच्या नावात एंटर मारलेला, त्यामुळे एका नोंदीच्या दोन ओळी झालेल्या. वाचनालयवाले आधीपासून म्हणत होते की काही पुस्तकं यादीत येतच नाहीत, ती ही. तो कॅच इतके दिवस त्यांना खात होता. (लोकल्समध्ये कधी कधी हवं ते व्हेरिएबल दिसत नाही, कंपायलरने ती जागा दुसऱ्या कामाला वापरलेली असते, तेव्हा गोंधळून जायचं नाही.) अवतरण चिन्हांतल्या एंटरची सोय केली, परत चालवलं, लांबी ३, पहिला आकडा २३२५.

आता हे नवीन टेबल चालू सर्व्हिसला द्यायचं. रेपल वेगळ्या थ्रेडमध्ये चालतो, वेब सर्व्हर वेगळ्या, आणि गाइलची हॅश टेबलं दोन थ्रेडनी एकदम ओढाताण करायला बनलेली नाहीत. म्हणून जुन्यातच दुरुस्त्या करत बसलो नाही, नवीन टेबल बाजूला पूर्ण तयार करून मग त्या मोड्यूलमध्ये जाऊन एका सेट-बँगने व्हेरिएबल नव्याकडे वळवलं. देवघेवीच्या नोंदी वेगळ्या टेबलात होत्या, त्यांना हातही लागला नाही. पान रिफ्रेश केलं, नावं मराठीत. इथे मित्र खुश होऊन चहा टाकायला गेला.

परत आला तेव्हा त्याला पानावरच्या ओळीची मांडणीही बदलायची होती, लेखक आधी आणि नाव नंतर. ओळ बनवणारं छोटं फंक्शन बदललं, कंट्रोल-सी कंट्रोल-सी, रेपलमधून बोलावलं तर नवीन मांडणी येते, ब्राउझरमध्ये जुनीच. “पण आत्ता टेबल तर बदललं की!” हेच तर या प्रकरणातलं सगळ्यात चावट ठिकाण, कारण अर्धं बदलतं आणि अर्धं नाही.

याला दोन थर आहेत. पहिला थर जुना आणि साधा: मेन फाइलीत रन-सर्व्हरला हँडलर थेट दिलेला. तिथे नाव जात नाही, त्या क्षणी त्या नावात असलेलं प्रोसीजर जातं. नंतर त्याच नावाला तुम्ही काहीही नवीन बांधा, सर्व्हरच्या लूपच्या हातात जुनंच आहे. उपाय म्हणजे मेन फाइलीत मध्ये एक लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) घालायचा जो दर रिक्वेस्टला हँडलरला नावाने हाक मारतो.

पण नुसता लॅम्डा घालून ओळीची मांडणी बदलली नसती, कारण दुसरा थर गाइल ३ चा आहे. ३.० ही मालिका २०२० च्या जानेवारीत आली, तेव्हापासून डिफाइन-मोड्यूलने बनवलेलं मोड्यूल डिफॉल्टने डिक्लरेटिव्ह मानलं जातं. म्हणजे कंपायलर धरून चालतो की त्या फाइलीत वर एकदा डिफाइन केलेलं आणि फाइलीत कुठेही सेट-बँग न केलेलं नाव पुढे बदलणार नाही, आणि मग मोड्यूलच्या आतले कॉल तो थेट जोडून टाकतो, छोटं फंक्शन असेल तर इनलाइनही करतो, म्हणजे बोलावणाऱ्याच्या आतच उतरवून टाकतो. वेगासाठी उत्तम, पण रेपलमधून ते फंक्शन नव्याने डिफाइन केलं तर मोड्यूलच्या नावाचा डबा बदलतो आणि आधी कंपाइल झालेला हँडलर त्या डब्यात बघतच नाही. टेबल का बदललं? कारण मोड्यूलमध्येच एक रीलोडचं फंक्शन होतं जे त्या व्हेरिएबलला सेट-बँग करत होतं, त्यामुळे कंपायलरने त्याला बदलणारं मानून डबा कायम ठेवला होता. ३.०.८ पासून तर एका मोड्यूलमधलं छोटं फंक्शन दुसऱ्या मोड्यूलमध्येही इनलाइन होऊ शकतं, म्हणजे जुन्या गाइलवर शिकलेले अंदाज तिथेही चुकतात. गाइल २ वर वाढलेल्या माणसाला हा बदल रेपलच्या मुळावर आल्यासारखा वाटतो, मलाही वाटला होता, पण सर्व्हरवर चालणाऱ्या कोडला हाच डिफॉल्ट योग्य आहे असं आता वाटतं. ज्याला चालत्या प्रोसेसमध्ये हात घालायचाय त्याने तसं सांगावं.

सांगायचं कुठे, यातही एक वळण आहे. यूझर-मोड्यूल्स-डिक्लरेटिव्ह नावाचा पॅरामीटर घरच्या डॉट गाइल फाइलीत फॉल्स करा असा सल्ला मिळतो, लॅपटॉपवर रेपलमध्ये बसणाऱ्याला तो पुरतो. पण डॉट गाइल वाचली जाते फक्त इंटरॅक्टिव्ह गाइल सुरू झाल्यावर, सिस्टमडीने स्क्रिप्ट चालवली तर नाही. शिवाय हा सगळा निर्णय कंपाइल होताना घेतला जातो, आणि होम फोल्डरच्या कॅशमध्ये जुनी कंपाइल झालेली फाइल पडलेली असेल तर सोर्स न बदलता नुसतं सेटिंग बदलून काहीच होत नाही, फ्रेश-ऑटो-कंपाइल द्यावं लागतं. त्यापेक्षा ज्या एका मोड्यूलमध्ये खेळायचंय त्याच्याच डिफाइन-मोड्यूलमध्ये डिक्लरेटिव्ह फॉल्स लिहायचं, सोर्स बदलला की कॅश आपोआप जुनी ठरते.

मांडणीचा बदल त्या दिवशी राहिला, चालत्या प्रोसेसमध्ये त्याला पकडायला जागाच नव्हती. रात्री नोंदी फाइलीत उतरल्यावर रीस्टार्ट केलं, तेव्हा मध्ये लॅम्डा, मोड्यूल डिक्लरेटिव्ह फॉल्स, आणि युनिट फाइलीत (सिस्टमडीची त्या सर्व्हिसची सेटिंग फाइल) लँग सी.यूटीएफ-८. फाइल उघडतानाचं स्पष्ट एन्कोडिंग तरीही ठेवलं, उद्या कुणी युनिट फाइल नव्याने लिहिली तर ती ओळ सुटणारच.

त्याच रात्री रेपलचा टीसीपी पोर्टही काढला. लूपबॅकवर आहे म्हणजे सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. त्या मशीनवरचा कुठलाही यूझर त्या पोर्टला जोडून तुमच्या प्रोसेसच्या हक्काने काहीही चालवू शकतो, पासवर्ड नाही, काही नाही. लॅपटॉपवरही निश्चिंत राहू नका: २०१६ मध्ये सीव्हीई-२०१६-८६०६ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटीची नोंद) निघाला होता, वेब पेजला तुमच्याच ब्राउझरकरवी या पोर्टवर एचटीटीपी रिक्वेस्ट पाठवायला लावता यायची आणि रेपल तिच्यातला स्कीम कोड इमाने इतबारे चालवायचा. २.०.१३ मध्ये गाइल एचटीटीपीसारखी दिसणारी सुरुवात ओळखून कनेक्शन तोडायला लागला. आता रेपल युनिक्स सॉकेटवर (पोर्टच्या नंबराऐवजी फाइलीचा पत्ता असलेला सॉकेट) आहे, सॉकेट अशा फोल्डरमध्ये जिथे फक्त सर्व्हिसच्या यूझरला शिरता येतं, त्याच यूझरने एसएसएच करायचं. लॅपटॉपचा पोर्ट थेट तिकडच्या युनिक्स सॉकेटला जोडणं ओपनएसएसएचला ६.७ पासून, म्हणजे २०१४ पासून जमतं. फक्त प्रोसेस मारली गेली की सॉकेटची फाइल मागे उरते आणि पुढच्या वेळी ‘पत्ता आधीच वापरात’ म्हणून गाइल अडून बसतो, त्यामुळे सुरू करण्याआधी ती फाइल पुसणारी एक ओळ युनिटमध्ये टाकली.

एक गोष्ट अजून अडते. ईमॅक्समध्ये डेफिनिशनवर उडी मारायला गेलं की गायझर सर्व्हरवरचा पत्ता आणतो आणि ईमॅक्स लॅपटॉपवर रिकामी फाइल उघडून दाखवतो. कोड दोन्हीकडे एकाच पत्त्याच्या फोल्डरमध्ये ठेवला तर हे सुटतं, पण मित्राला त्याचे फोल्डर हलवायचे नाहीत, म्हणून तो ग्रेप करतो, म्हणजे फाइलींत मजकूर शोधतो.